दहा अँपिअरची तालीम

घरात माणसं पाच आणि वीज दहा अँपिअर, असं अमेयनं जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं तेव्हा नीलिमाला वाटलं, हा ऑफिसातलं काही तरी बोलतोय. तिचा मुलगा सिंगापुरातल्या चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या आयटीत मॅनेजर होता आणि घरीही अधूनमधून मॅनेजरसारखा बोलायचा. तसा तो बोलायला लागला की क्षिप्रा, त्याची बायको, त्याच्या ताटात न मागता भात वाढायची. या वेळी मात्र तीही हातातला डाव तसाच धरून ऐकत राहिली.

"न्यूझीलंडला आपण जी कॅम्परव्हॅन घेणार ना आई, ती दिवसा रस्त्यावर आणि रात्री हॉलिडे पार्कमध्ये उभी राहणार," अमेय सांगत होता. "तिथे प्रत्येक गाडीच्या जागेशी एक खांब असतो. खांबावर निळं सॉकेट. आपली जाड केबल त्यात खुपसायची, की गाडीत वीज आली. पण गाडीचा मेन स्विच दहा अँपिअरचा आहे. त्याच्यावर गेलं की खट्. सगळं बंद."

"सगळं म्हणजे?"

"सगळं," अमेय म्हणाला, आणि बापाच्या नाकातल्या नळीकडे त्यानं मुद्दामच पाहिलं नाही.

ती नळी जमिनीवरून सरपटत बेडरूमपर्यंत जायची. तिथे पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस घरघरत असायचं. चंद्रशेखरांची फुफ्फुसं हळूहळू कडक होत चालली होती; दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ते सांगितलं आणि तेव्हापासून हा सहावा मेंबर घरात आला. बाकी माणूस तोच होता. सिंगापुरातल्या बँकांमध्ये उभा जन्म काढलेला, बिशानच्या या फ्लॅटमधल्या प्रत्येक बिघाडावर स्वतःचं मत असलेला, आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतल्या नाटकांचा हुकमी नट. कोणी विचारलं, "कसं वाटतंय?" तर उत्तर ठरलेलं. "उत्तम." आणि ते इतक्या खड्या आवाजात, की विचारणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं.

कॅम्परव्हॅन ही त्यांचीच हौस. ज्या देशात गाडी कुठूनही निघाली तरी तासाभरात समुद्राला लागते, तिथल्या माणसाला न संपणाऱ्या रस्त्याचं वेड लागलं तर नवल नाही. रिटायर झालो की जायचं, असं ते वर्षानुवर्षं म्हणत आले. रिटायर झाले तर अमेयचं लग्न, मग नात, मग नातीची परीक्षा, मग छाती. आता डॉक्टरांनी कुरकुरत का होईना परवानगी दिली होती. बॅटरीचं छोटं मशीन विमानापुरतं आणि दिवसाच्या रस्त्यापुरतं पुरणार होतं, पण झोपेत त्याचा भरवसा नाही, तिथे मोठं मशीनच हवं आणि ते विजेवरच, असं त्यांनी बजावलं होतं. शिवाय ऑक्सिजनच्या शेजारी ज्योत पेटवायची नाही. म्हणजे गाडीतली गॅसची शेगडी बाद. चहा विजेवर, भात विजेवर, हीटर विजेवर, आणि या सगळ्यांच्या आधी मशीन.

"मग केबिन घेऊ आई-बाबांसाठी," क्षिप्रा म्हणाली. "पार्कमध्ये असतात ना केबिन्स."

"खोलीतच झोपायचं तर माझी आहे की इथे," चंद्रशेखर म्हणाले, आणि तो विषय मिटला.

नीलिमानं वीज समजून घ्यायचं मनावर घेतलं. अमेयनं तिला एकदाच शिकवलं, की प्रत्येक वस्तूच्या बुडाशी एक पट्टी असते, तिच्यावर वॉट लिहिलेले असतात, आणि दोन हजार तीनशे वॉटच्या वर गेलं की दहा अँपिअर संपले. झालं. ती घरातली एकेक वस्तू पालथी घालून, चष्मा कपाळावर सरकवून, बुडं वाचत सुटली. मशीन साडेतीनशेच्या आसपास. केटल, इंडक्शन, राइस कुकर यांचे आकडे मात्र डोळे फिरवणारे. चार घोट पाणी तापवायला एवढं खाणारी केटल आपण इतकी वर्षं घरात पोसली, याचा तिला रागच आला. शेवटी सूत्र एकच निघालं. दोन मोठ्या वस्तू एका वेळी लावायच्या नाहीत, आणि मशीनच्या वाटचं कोणी खायचं नाही.

"घरीच करून बघू," अमेय म्हणाला. "एक शनिवार-रविवार. ड्राय रन."

"रंगीत तालीम म्हण रे," चंद्रशेखर म्हणाले.

अमेयनं एक मीटरवाला प्लग आणला. हॉलमधल्या सॉकेटला तो लावला आणि त्याच्यापुढे लांबलचक एक्स्टेन्शन. प्लगवर सतत आकडा दिसायचा, किती वॉट चाललेत तो, आणि मर्यादा ओलांडली की प्लग आपणहून बंद पडायचा. हा आपला खांब, असं ठरलं. घरातली बाकी सॉकेटं वर्ज्य. क्षिप्रानं गॅसच्या बटणांना चिकटपट्टी लावली. सिंगापुरात हीटर कोणाकडे असणार, म्हणून हीटरच्या भूमिकेत इस्त्री. फ्रिज आणि पंखे यांना तालमीतून सूट. मैत्रेयी, तेरा वर्षांची नात, मोबाइल चार्ज करायलाही परवानगी लागते हे कळल्यावर शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "सीरियसली? धिस इज लाइक जेल, लाह." पण तिला मजा येत होती.

पहिली तालीम अकरा वाजायच्या आत आटोपली. इंडक्शनवर क्षिप्राचा भात होता. तेवढ्यात हौगांगहून नीलिमाची मैत्रीण उल्का डबा परत करायला आली. आता दारात माणूस उभं राहिलं आणि त्यानं चपला काढायच्या आत नीलिमाचा हात केटलकडे गेला नाही, असं उभ्या आयुष्यात झालेलं नाही. तो त्याही दिवशी गेला. खट् झालं. भात थांबला, केटल थांबली, आणि बेडरूममधून मशीनची शिट्टी सुरू झाली. वीज गेली की ते अशी शिट्टी मारतं, हे नीलिमाला माहीत होतं. ऐकली मात्र पहिल्यांदाच. प्लग परत चालू व्हायचा तो फोनवरूनच, आणि अमेयला फोन कुठे ठेवलाय ते आठवेना. धावपळीत कोणाला सुचलं नाही, की मशीनची वायर काढून भिंतीतल्या सॉकेटला लावता येते. ते उल्कानं केलं. तोवर चंद्रशेखरांचे ओठ जांभळट पडले होते. ते पलंगाच्या कडेला बसून, मान खाली घालून, नुसता हात हलवत होते, काही नाही, काही नाही.

क्षिप्रा स्वयंपाकघरात जाऊन रडली. अमेयनं एक्स्टेन्शन गुंडाळून ठेवलं आणि म्हणाला, "बाबा, कॅन्सल करू."

"पहिल्या तालमीला कोणाचं पाठांतर असतं?" चंद्रशेखर म्हणाले. मग आवाज उतरवून, "अजून एकदा करू या. पुढच्या शनिवारी. परत बंद पडलं तर माझं काही म्हणणं नाही. एकदाच."

नीलिमानं चमकून पाहिलं. हा माणूस मागत नाही. पाणी हवं असलं तरी 'तहान लागल्यासारखं झालंय बुवा' असं हवेत सोडून देतो. अमेयलाही ते जाणवलं असावं. त्यानंतरच्या सोमवारी गाडीच्या एजन्सीला पक्कं काय ते कळवायचं होतं. म्हणजे दुसरी तालीम पार पडली तर जायचं, पुन्हा एकदा जरी खट् झालं तर नाही. यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

या खेपेला अमेयनं नियम केला. काहीही लावायच्या आधी मोठ्यानं सांगायचं. 'केटल!' 'भात!' 'हीटर!' आणि आतून बाबांनी 'चालू द्या!' म्हटल्यावरच बटण दाबायचं. काम संपलं की 'झालं!' म्हणून ओरडायचं. ही कल्पना मुळात चंद्रशेखरांची. मी आत पडलेलाच असतो, तर प्रॉम्प्टरचं काम मला द्या, असं ते म्हणाले होते. मशीन आत, प्रॉम्प्टर आत, आणि दोघांच्या सोबतीला मोबाइलवर जुनी नाट्यपदं.

शनिवार अप्रतिम गेला. सकाळचा चहा झाला, पोहे झाले, भात झाला, इस्त्री बाल्कनीत उभी राहून कोणालाही न तापवता तापली. आतून दर वेळी 'चालू द्या!' असा खणखणीत आवाज यायचा. मैत्रेयी मुद्दाम दारातून विचारायची, "आजोबा, रेडी ऑर नॉट?" आणि आजोबाही तिच्याच भाषेत म्हणायचे, "कॅन, कॅन." एकदा क्षिप्राचा राइस कुकर चालू असतानाच अमेयनं केटल लावली, चूक कळल्यावर तो डोळे मिटून उभाच राहिला. पण खट् झालं नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. अमेय म्हणाला, थोडं इकडेतिकडे चालतं बहुतेक.

दुपारी नीलिमा सोफ्यावर बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती. पायाशी तो प्लग. त्याच्यावरचा आकडा तीनशेच्या वर स्थिर होता. बाकी काही चालू नव्हतं, म्हणजे ते मशीन. स्वयंपाकघरातून क्षिप्रानं पुकारलं, "केटल!" नीलिमाची नजर सहज खाली गेली. आकडा पडला. पार शून्याला टेकला. मग आतून आवाज आला, "चालू द्या!" मग केटलचं बटण वाजलं आणि आकडा उसळी मारून वर गेला.

शेंग तिच्या हातात तशीच राहिली. केटल लागली तर आकडा वाढायला हवा. वाढला. पण त्याआधी तो पडला का?

मीटर असेल तसा, असं तिनं स्वतःला सांगितलं. नवीन वस्तू, चिनी बनावट, मोजायच्या आधी झटकत असेल आकडा. ती उठली, शेंगा आत ठेवल्या, आणि त्यानंतर तिनं त्या प्लगकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही हे ठरवून पाहिलं नाही. संध्याकाळी दोनदा तिनंच केटल पुकारली, तिनंच लावली, आणि चहाचा कप घेऊन आत गेली तेव्हा चंद्रशेखर घामेजलेल्या चेहऱ्यानं नाट्यपद गुणगुणत होते. मूड छान आहे, असं ती बाहेर येऊन क्षिप्राला म्हणालीसुद्धा.

रात्री तिला चांगली झोप लागली, आणि त्याचीच तिला पुढे जास्त लाज वाटली.

रविवारी दुपारपर्यंत तालीम संपणार होती. जेवणं झाल्यावर क्षिप्रा आणि मैत्रेयी खाली दुकानात गेल्या. अमेय बाल्कनीत होता. नीलिमा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, तिथून प्लग दिसत होता. केटल रिकामी होती. तिनं हात लावला नाही. नुसतीच हाक दिली.

"केटल!"

आकडा पडला.

"चालू द्या!" आतून आवाज आला. खणखणीत, मागच्या रांगेपर्यंत पोचणारा.

ती चपला न वाजवता बेडरूमपर्यंत गेली. दार अर्धवट लोटलेलं होतं, आत पद चाललं होतं. चंद्रशेखर तिच्याकडे पाठ करून पलंगाच्या कडेला बसले होते. एक हात मशीनच्या बटणावर. दुसऱ्या हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर. नळी नाकात तशीच होती आणि तिच्यातून काहीच येत नव्हतं. प्रत्येक श्वासाला खांदे कानांपर्यंत वर जात होते. ते ऑक्सिमीटरकडे बघत होते आणि मान जराशी दाराकडे कलती ठेवून, 'झालं' कधी ऐकू येतं त्याची वाट बघत होते.

तो शब्द तिनं म्हणायचा होता. ती बघत राहिली आणि एक गोष्ट तिला लख्ख कळली. हा माणूस थांबणार. कोणी 'झालं' म्हणायला विसरलं, पाहुण्याशी बोलत बसलं, फोन आला म्हणून बाहेर गेलं, तरी हा असाच बसून राहणार, कोणाला हाक न मारता.

"झालं," ती म्हणाली. कसंबसं.

बटण दाबलं गेलं. मशीन घरघरायला लागलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि बऱ्याच वेळानं मागे वळून पाहिलं.

"केटल... इतक्यात उकळली?"

"लावलीच नव्हती."

त्यांच्या चेहऱ्यावर आधी ते नेहमीचं हसू आलं. ते टिकलं नाही.

"कधीपासून चाललंय हे?" तिनं विचारलं.

"कालच्या पहिल्या चहापासून."

"चहासाठी, अहो?"

"चहासाठी नाही गं." त्यांना दम लागत होता, तरी ते मोबाइलवरचं पद बंद करून नीट बोलायला बसले. "मागच्या शनिवारी क्षिप्रा रडत होती, ऐकलंस ना? का, तर भात लावला म्हणून. माझ्या घरात सून भात लावायला भिते. पोरगा मीटरकडे बघत जेवतो. तिथे आठ दिवस हेच? कोणी म्हणणार नाही, पण प्रत्येकाच्या मनात येणार, की म्हातारा नसता तर दोन गोष्टी एकदम लावता आल्या असत्या. केटलला किती, चार मिनिटं. तेवढं मी काढतो. आकडा बघून काढतो, वेडा नाही मी."

"आणि रात्री?"

"रात्रीचं काय?"

"तिथे थंडी असणार. मैत्रेयी कुडकुडायला लागली, की अर्ध्यावर ठेवलेल्या हीटरनं भागणार नाही. तुम्हाला ते ऐकू येणार. मग तुम्ही हे बटण बंद करणार आणि हीटर पूर्ण करा म्हणून सांगणार. तेव्हा 'झालं' कोण म्हणणार? सगळे झोपलेले असतील."

नाही, तसं मी करणार नाही, एवढं ते म्हणाले असते तरी तिनं विश्वास ठेवला असता. पण बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं असं थेट विचारल्यावर ते तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, आणि आत्ताही ते गप्प बसले.

"मला जायचंय, नीलिमा," शेवटी ते म्हणाले. "एवढंच आहे. या खोलीतून दवाखान्यात, दवाखान्यातून या खोलीत. मला एकदा रस्ता बघायचाय."

तिला भयंकर राग आला. त्यांचा, वीज शोधणाऱ्याचा, दहा अँपिअरचा. आणि त्या रागाच्या खाली, तिलाही जायचं होतं. तिनं लोकरीचे दोन स्वेटर काढून उन्हात टाकले होते, न बोलता. ती तशीच वळली आणि बाल्कनीत गेली.

अमेय इस्त्रीची वायर गुंडाळत होता. तिनं त्याला एका दमात सगळं सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, आता हा हादरेल, आत धावेल, बापाला रागावेल. तो वायर गुंडाळतच राहिला.

"माहीत आहे, आई."

"काय माहीत आहे?"

त्यानं फोन काढून तिच्यापुढे धरला. प्लगचा सगळा आलेख फोनवर येत होता. एक रेघ सरळ चाललेली, आणि प्रत्येक उंचवट्याच्या आधी एक खड्डा. "काल दुपारी बघितलं. राइस कुकर आणि केटल एकदम चालले ना, तेव्हाच शंका आली. तसं चालूच शकत नाही."

"आणि तू गप्प बसलास?"

"रात्री त्यांच्या खोलीत गेलो होतो, बोलायला म्हणून. ते मला नकाशा दाखवत बसले. कुठल्या पार्कात कुठली जागा, खांब कुठल्या बाजूला, केबल पुरेल का." अमेयनं फोन खिशात टाकला. "आई, त्यांनी आयुष्यात एक गोष्ट मागितलीय. मी नाही म्हटलं, तर ते परत कधी काही मागणार नाहीत. मला वाटलं, चार मिनिटांचा तर प्रश्न आहे."

चार मिनिटं. दोघांनी एकच हिशोब केला होता, बापानं आणि लेकानं. तिला वाटलं, याच्या एक ठेवून द्यावी. चाळिशीला आलेला मुलगा. हात उचलला असता तिनं, पण त्याच क्षणी तिला स्वतःचा कालचा दुपारचा प्रहर आठवला. मोडलेली शेंग, पडलेला आकडा, आणि संध्याकाळी आपण दोनदा लावलेली केटल. तिनं शंका आल्यावर लावली होती. म्हणजे काल संध्याकाळी या घरात बापाचं मशीन का बंद होतंय हे तिघांना माहीत होतं, आणि तिघांनी चहा प्यायला होता.

हात खाली आला. "मीही बघितलं होतं," ती म्हणाली. "मीटरच बिघडलाय असं ठरवून टाकलं."

दोघं मायलेक बाल्कनीत उभी राहिली. खाली मुलं सायकली फिरवत होती. दारात किल्ली वाजली तेव्हा अमेय म्हणाला, "आता यांना काय सांगायचं?"

"मी सांगते. माझे गुडघे धरलेत म्हणून सांगते. गाडीची पायरी मला चढवत नाही, म्हणून आम्ही दोघं येत नाही. त्यांच्यावर येऊ द्यायचं नाही काही."

क्षिप्रा आणि मैत्रेयी हातात पिशव्या घेऊन आल्या. मैत्रेयीनं आल्या आल्या प्लगकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. "वी पास्ड. नो खट्, होल वीकेंड." क्षिप्राचा चेहरा तर असा उजळला होता, की नीलिमाला तिच्याकडे बघवेना. बिचारी, दोन दिवस प्रत्येक बटण देवाचं नाव घेऊन दाबत होती.

"क्षिप्रा, जरा बस," नीलिमा म्हणाली. "मला एक सांगायचंय. माझे गुडघे..."

"नीलिमा, थांब."

चंद्रशेखर बेडरूमच्या दारात उभे होते. चौकटीला धरून. त्यांना एवढं चालत यायलाही थांबत थांबत यावं लागलं असणार, कारण काही क्षण ते नुसतेच उभे राहिले. सगळ्यांनी वाट बघितली. ते असे दारात आले की काही तरी टाळीचं वाक्य टाकतात, म्हणून मैत्रेयीच्या तोंडावर आधीच हसू होतं.

"मला श्वास पुरत नाही," ते म्हणाले.

हे इतक्या हळू म्हणाले, की क्षिप्राला ऐकूच आलं नाही. ती पिशवी खाली ठेवत म्हणाली, "काय म्हणालात, बाबा?"

नीलिमाला वाटलं, आता ते 'काही नाही' म्हणतील. म्हणावं, असंही तिला वाटलं. दोन वर्षं त्यांनी हे वाक्य तोंडातून निघू दिलं नव्हतं, डॉक्टरांपुढेसुद्धा नाही. तिथेही दर वेळी नीलिमाच बोलायची आणि ते खुर्चीत ताठ बसून तिच्याकडे कौतुकानं बघायचे. आता ते त्यांना दुसऱ्यांदा म्हणावं लागणार होतं.

"मला श्वास पुरत नाही, बाळ. मशीन बंद करून बसत होतो मी, तुम्ही काही लावलंत की. म्हणून तुमची तालीम पास झाली." ते थांबले, दोन श्वास घेतले. "तिथे येऊनही मी तेच करणार. मला राहवणार नाही. म्हणून मी येत नाही."

क्षिप्रानं तोंडावर हात नेला. अमेय भिंतीकडे बघत होता.

"आय नो, आजोबा," मैत्रेयी म्हणाली. तिच्या तोंडावरचं हसू गेलं होतं, पण आश्चर्यही नव्हतं. "यू कान्ट ब्रीद. एव्हरीबडी नोज, लाह. यू ओन्ली नेव्हर से."

चंद्रशेखर तिच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांचा नट, पण समोर बसलेल्यांना सगळं आधीपासून दिसत होतं हे ऐकल्यावर काय करतात, ते त्यांना येत नव्हतं. त्यांनी मान हलवली. दोनदा हलवली. हसायला गेले तर खोकला आला, आणि खोकला बसेपर्यंत सगळे जागच्या जागी थांबले.

"बरं," ते म्हणाले. "मग बरं झालं."

मग ते आत जायला वळले. एरवी ते ही वाट भिंतीला हात लावत चालायचे आणि कोणी पाहिलंच तर भिंतीवरच्या तसबिरी सरळ केल्यासारखं करायचे. आज ते दोन पावलं गेले आणि थांबले.

"नीलिमा, जरा हात दे गं."

ती धावत गेली. त्यांनी तिच्या हातावर भार टाकला, सगळा, काही राखून न ठेवता. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तो फार कमी भरला. हा माणूस किती हलका झालाय हे तिला दोन वर्षांत कळलं नव्हतं, कारण त्यानं तिच्यावर भार टाकलाच नव्हता. ती रडत होती, आणि रडता रडता त्यांना पलंगापर्यंत घेऊन गेली.